वारा भाड्याने मिळेल

मराठी घरात वारा ही तब्येतीची बाब असते, सहलीची नाही. एसटीत खिडकीशी जागा मिळावी म्हणून बाहेरून रुमाल टाकणारा माणूस गाडी सुटली की पहिल्या दहा मिनिटांत काच ओढून घेतो. मे महिन्यात महाबळेश्वरला निघालेल्या बॅगेत सर्वांत वर कानटोपी असते. हवा खायला जाणं आपल्यात प्रतिष्ठेचं. वारा खायला गेलेला माणूस मात्र परत येऊन वाफारा घेतो. अशा लोकांना कुणी सांगितलं, की जगात एक जमात आहे, ती रजा टाकते, तीस किलोचं ओझं विमानात चढवते आणि कुठल्या तरी उजाड किनाऱ्यावर जाऊन नुसती सोसाट्याच्या वाऱ्याची वाट बघत बसते, तर आपला पहिला प्रश्न ठरलेला: जेवणाचं काय?

जेवणाचं नंतर बघू. आधी खेळ. विंडसर्फिंग म्हणजे फळीवर शीड रोवायचं आणि ते दोन्ही हातांनी धरून पाण्यावर उभं राहायचं. काइटसर्फिंग म्हणजे तेच शीड फळीवरून काढून वीस-बावीस मीटर दोऱ्यांच्या टोकाशी आकाशात सोडायचं, दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या आणि तो पतंग ओढेल तसं लाटांवरून घसरत जायचं. पहिल्यात कंबर जाते, दुसऱ्यात अख्खा माणूस जाऊ शकतो. दोन्हींना लागतो तो ताशी वीस ते पंचेचाळीस किलोमीटरचा वारा, तोही सलग, एका दिशेने आणि शक्यतो रोज दुपारी वेळेवर. झुळूक चालत नाही, वादळ चालत नाही. वजनदार माणसाला मोठा पतंग लागतो, हे इथे तोंडावर आणि किलोत सांगतात. लग्नाच्या स्थळांसारखं 'खात्यापित्या घरचा' म्हणून सोडून देत नाहीत.

आपल्याकडे या खेळाकडे कुणी कायद्याच्या अंगाने बघितलं नाही हे नशीब. १९३४ च्या आपल्या विमान कायद्याच्या व्याख्येत फुगा, ग्लायडर यांच्याबरोबर पतंगही 'विमान' होता. म्हणजे संक्रांतीला गच्चीवर चढलेला प्रत्येक जण कागदोपत्री वैमानिक, आणि पतंगाला लटकून पाण्यावर पळणारा तर थेट सागरी हवाई दल.

शिडाच्या फळीचा शोध कुणी लावला यावर बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. कॅलिफोर्नियातल्या दोघा गृहस्थांनी साठच्या दशकाच्या शेवटी पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे त्याचे जगभर पैसे वाजवून घेतले. इंग्लंडमध्ये प्रकरण न्यायालयात गेलं तेव्हा असं निघालं, की हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या पोराने १९५८ सालीच फळीला शीड बांधून पाण्यात हुंदडून घेतलं होतं. १९८५ मध्ये ब्रिटिश पेटंट रद्द झालं. पोराने पेटंट घेतलं नव्हतं, कारण तो खेळत होता. या निकालानंतर धंदेवाईक मंडळी शहाणी झाली. वाऱ्यावर नाव लावता येत नाही, शिडावरही फार काळ लावता येत नाही, तेव्हा त्यांनी वाऱ्याशेजारची जमीन बघायला सुरुवात केली. वाऱ्याच्या सहलींचा पुढचा सगळा इतिहास हा त्या जमिनीचा इतिहास आहे, बाकी फोटो.

पण आधी यात्रेकरू ओळखून घ्या. विमानतळावर ज्याच्या लांबलचक बॅगेवर मोठ्या अक्षरांत 'गोल्फ' लिहिलेलं असतं आणि ज्याने जन्मात गोल्फची काठी हातात धरलेली नसते, तो काइटसर्फर. अनेक विमान कंपन्या गोल्फचं सामान कौतुकाने घेतात आणि सर्फिंगचं म्हटलं की जादा पैसे मागतात. म्हणून पतंग बनवणाऱ्या कंपन्यांनीच 'गोल्फ' छापलेल्या बॅगा बाजारात आणल्या. निसर्गाशी एकरूप व्हायला निघालेल्या माणसाची पहिली पायरी काउंटरवर थाप मारण्याची असते.

हा यात्रेकरू सकाळी उठून समुद्राकडे बघत नाही, मोबाइलकडे बघतो. विंडगुरू आणि विंडी ही त्याची दोन पंचांगं. कुठल्या किनाऱ्यावर, कुठल्या तासाला, किती नॉटचा वारा सुटेल, ते यात रंगीत चौकोनांत दिसतं. ही दोन्ही पंचांगं निघतात कुठून? चेक प्रजासत्ताकातून. त्या देशाला समुद्र नाही. एक इंचही नाही. आणि २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये काइट पहिल्यांदा आलं तेव्हा पुरुषांचं सुवर्णपदक नेलं ऑस्ट्रियाच्या वालेंटिन बोंटुसने. समुद्र ऑस्ट्रियालाही नाही. त्यांच्याकडे हंगेरीच्या सीमेवर नॉयझीडल नावाचं एक सरोवर आहे, पुरुषभरसुद्धा खोल नसलेलं, आणि ते त्यावर शिडं लावून खुशाल असतात. त्याच स्पर्धेत मिश्र दुहेरी नौकानयनाचं सुवर्णही ऑस्ट्रियाच घेऊन गेली. शिडांच्या या स्पर्धा मार्सेयला होत्या. काइटच्या अंतिम शर्यती वाराच न आल्यामुळे पुढे ढकलाव्या लागल्या. करोडो युरोंची तयारी झाली, कॅमेरे लागले, मंत्री आले. वाऱ्याला निमंत्रण पोचलं नव्हतं.

आपल्याकडे उलटं आहे. आपला समुद्र वाढतोय. देशाची किनारपट्टी वर्षानुवर्षं ७,५१६ किलोमीटर होती, ती नव्या मोजणीत ११,०९८ किलोमीटर झाली. महाराष्ट्र ६५२ वरून ८७७ वर गेला. गोव्याने तर कमालच केली: १०१ वरून जवळपास १९४. वाळूचा एक कणही न वाढता किनारा जवळजवळ दुप्पट. कारण साधं आहे. पूर्वी ढोबळ नकाशावर मोजत, आता बारीक नकाशावर खाडी-खाचा धरून मोजतात. पण पर्यटनाच्या भाषणांत पुढची पाच वर्षं हा आकडा ऐकायची तयारी ठेवा. इतका किनारा आणि शिडाच्या फळीवर किती पदकं? २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत एबाद अलीने विंडसर्फिंगचं कांस्य आणलं. ते आपण टाळ्या वाजवून साजरं केलं असतं, पण त्या दिवशी बहुतेकांना खेळाचं नावच कळलं नाही.

वाऱ्याच्या राजकारणाचा एक नमुना सांगतो आणि मग मुद्द्याच्या गावाला जाऊ. मे २०१२ मध्ये जागतिक नौकानयन महासंघाने ऑलिंपिकमधून विंडसर्फिंग काढून काइट घ्यायचं ठरवलं. निकाल अगदी काठावरचा होता. मग स्पेनकडून खुलासा आला, की आमच्या प्रतिनिधीचं मत गोंधळात भलतीकडे पडलं. ऑगस्टमध्ये लंडनला महिलांच्या विंडसर्फिंगचं सुवर्ण जिंकलं ते स्पेनच्याच मारिना आलाबाऊने. नोव्हेंबरमध्ये महासंघाने निर्णय फिरवला. सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या ठरावाचं होतं तेच इथे झालं, फक्त सूट घालून.

आता गाव. स्पेनच्या मुख्य भूमीच्या अगदी दक्षिण टोकाला तारिफा. समोर आफ्रिका, मध्ये १४ किलोमीटरची जिब्राल्टरची सामुद्रधुनी. एका बाजूला भूमध्य समुद्र, दुसऱ्या बाजूला अटलांटिक, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि त्या चिंचोळ्या फटीतून सगळा वारा दाटीवाटीने निघतो. पूर्वेकडून आला तर लेवान्ते, पश्चिमेकडून आला तर पोनिएन्ते. लेवान्ते एकदा सुटला की दिवसचे दिवस थांबत नाही. त्याने माणसाचं डोकं फिरतं असं त्या भागात पिढ्यान् पिढ्या म्हणतात. खिडक्या वाजतात, वाळू ताटात येते, कपडे दोरीवरून आफ्रिकेला जातात. ज्यांना जमलं ते गाव सोडून गेले. उरले कोळी, ट्यूना पकडणारे आणि सैनिक. फ्रँकोच्या काळात ही लष्करी हद्द होती, त्यामुळे स्पेनचा बाकीचा किनारा हॉटेलांनी भरत असताना इथे कुणाला वीट ठेवता आली नाही.

मग ऐंशीच्या दशकात जर्मनी, फ्रान्स, हॉलंडहून गाड्यांच्या टपावर फळ्या बांधलेली पोरं आली. गावकऱ्यांनी ज्याला शिव्या घातल्या तो वारा बघून ही पोरं आनंदाने ओरडत होती. गावाला वाटलं, यांचं डोकं लेवान्तेने आधीच फिरवलंय. मग खोल्या भाड्याने गेल्या, जुन्या घरांचे कॅफे झाले, शाळा निघाल्या (शिडाच्या, मुलांच्या नव्हेत), आणि जो वारा शाप होता तो माहितीपत्रकात पहिल्या पानावर आला: वर्षातले ३०० दिवस वारा! हीच ओळ त्यांच्या आजोबांनी गाव सोडण्याचं कारण म्हणून सांगितली असेल.

तारिफाशेजारी वालदेवाकेरोस नावाचा किनारा आहे. तिथे वाळूची एक प्रचंड टेकडी आहे. चाळीसच्या दशकात लष्कराने आपल्या ठाण्यावर वाळू येऊ नये म्हणून कुंपणं घातली. वाळू कुंपणाशी साचत गेली आणि टेकडी झाली. आता ती टेकडी रस्त्यावर येते. म्हणजे लेवान्ते सुटला की रस्ता गाडला जातो, जेसीबी येऊन वाळू उपसतो, वारा ती परत आणून टाकतो. सरकारी खातं आणि निसर्ग यांच्यातला इतका नियमित पत्रव्यवहार जगात दुसरीकडे क्वचित असेल. पर्यटक या टेकडीवर उभे राहून फोटो काढतात. खाली उपसणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही.

याच वालदेवाकेरोसला २०१२ मध्ये नगरपालिकेने मोठ्या हॉटेल-वसाहतीला हिरवा कंदील दाखवला. शेकडो घरं, हजाराच्या वर पर्यटकांच्या खाटा. स्पेनमध्ये तेव्हा मंदी होती, गावात बेकारी होती, त्यामुळे 'रोजगार' हा शब्द मंत्रासारखा वापरला गेला. विरोधात कोण उभे राहिले? पर्यावरणवाले, आणि त्यांच्यासोबत तेच फळीवाले. शेवटी योजना न्यायालयात आडवी झाली. फळीवाल्यांचा युक्तिवाद मला मनापासून आवडतो: हॉटेलं उभी राहिली तर वारा अडेल. झाडं, पक्षी, वाळू यांची काळजी होतीच, पण खरा जीव वाऱ्यात अडकलेला. स्वार्थ असाही कधीकधी कामाला येतो.

तारिफाच्या माहितीपत्रकात एक गोष्ट नसते. १ नोव्हेंबर १९८८ रोजी तिथल्या लॉस लान्सेस किनाऱ्यावर मोरोक्कोहून निघालेल्या एका लहान होडीतल्या माणसांचे मृतदेह वाहून आले. युरोपच्या दारात बुडालेल्या स्थलांतरितांची नोंद तिथून सुरू झाली, आणि ती वही अजून बंद झालेली नाही. त्याच वाळूवर आज रंगीबेरंगी पतंग फुगवले जातात. १४ किलोमीटर तेच, वारा तोच. एकाला ते अंतर ओलांडायचा छंद, दुसऱ्याला नाइलाज. पहिल्याकडे विमा असतो.

आता अटलांटिक ओलांडा. ब्राझीलच्या ईशान्येला सिआरा राज्य. जुलैपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत इथे व्यापारी वारे असे वाहतात, की पंचांग न बघता निघालं तरी चालतं. कुंबुको, प्रेआ, जेरिकोआकोआरा ही तिथली तीर्थक्षेत्रं. जेरिकोआकोआरा हे वाळूच्या टेकड्यांमागे लपलेलं कोळ्यांचं खेडं. डांबरी रस्ता नाही, आजही गल्ल्या वाळूच्या. भोवती २००२ साली राष्ट्रीय उद्यान झालं. रोज संध्याकाळी सगळं गाव आणि सगळे पाहुणे एका उंच टेकडीवर जाऊन सूर्यास्त बघायचे आणि टाळ्या वाजवायचे. ज्या वाऱ्यासाठी हे लोक आले, त्याच वाऱ्याने ती टेकडी कणाकणाने उचलून समुद्रात नेली. आता सूर्य पूर्वीसारखाच मावळतो, प्रेक्षागृह मात्र सपाट झालं.

गावात शिरायला आता पर्यटन कर भरावा लागतो. आणि २०२४ मध्ये भलताच कागद निघाला: गावातली जवळपास ८० टक्के जमीन आपल्या नावावर असल्याचा दावा, ऐंशीच्या दशकातल्या खरेदीखताच्या आधारे. चाळीस वर्षं ज्या गल्ल्यांत लोकांनी घरं बांधली, खानावळी काढल्या, पोरांची लग्नं केली, त्या गल्ल्यांचा मालक कुणी तिसराच. कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. सातबाऱ्यावरचं कूळ आणि मुंबईतला खोत यांचं पोर्तुगीज भाषांतर आहे ते. वाऱ्याची किंमत वाढली की सर्वांत आधी जुनी कपाटं उघडतात.

दाख्ला त्याहून मजेदार. पश्चिम सहारातलं वाळवंट, शेजारी लांबलचक सपाट खाडी, आणि वर्षभर वारा. कंपन्यांच्या पत्रकात हे 'मोरोक्कोचं नंदनवन'. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत पश्चिम सहारा अजून स्वशासन न मिळालेला प्रदेश आहे. मोरोक्कोने दाख्लाचा भाग १९७९ मध्ये ताब्यात घेतला, तो आजही त्याच्याकडे आहे. म्हणजे इथे कुठल्याही रंगाचा पतंग उडवायला पूर्ण मोकळीक, पण स्थानिक सहरावी माणसाने आपला झेंडा फडकवला तर पोलीस येतात. खेळ एकच: काठीला कापड, कापडाला वारा.

बाकी ठिकाणं भराभर उरकतो. केपटाउनला उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा सुटतो, त्याला ते 'केप डॉक्टर' म्हणतात, कारण तो शहरातली घाण उडवून नेतो. आपल्याकडे हे काम महापालिकेकडे आहे. इटलीतल्या गार्डा तलावावर सकाळी उत्तरेचा आणि दुपारी दक्षिणेचा वारा येतो, इतका वेळेवर की इटलीत दुसरं काहीच तसं येत नसेल. व्हिएतनाममधलं मुई ने फिश सॉसच्या वासाने ओळखलं जायचं. २४ ऑक्टोबर १९९५ ला तिथे खग्रास सूर्यग्रहण दिसलं, लोक बघायला आले आणि किनारा बघून परत गेलेच नाहीत. मग हॉटेलं इतकी पाण्याच्या काठाशी बांधली की बऱ्याच ठिकाणी वाळूच वाहून गेली. आता पाहुणे सिमेंटच्या भिंतीवरून समुद्र बघतात. ग्रहणात आपण जेवत नाही, एवढंच त्यात आपलं शहाणपण.

आता आपल्या वाऱ्याकडे. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे असा धडा होता. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. दोन मार्कांचा प्रश्न होता, म्हणून तो पाठ करून आपण विसरलो. विसरायला नको होता. फेब्रुवारी ते मे या काळात गोव्यात मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर रोज दुपारी जे पतंग दिसतात, ते याच खाऱ्या वाऱ्यावर. वारा बेताचा, नवशिक्यांना झेपेल असा. शिकवणाऱ्यांत रशियन बरेच. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि माणसं पतंग घालायला. कासवांचा हक्क जुना आहे, पण त्यांच्याकडे हॉटेल नाही.

खरा जोरकस वारा आपल्याकडे जूनमध्ये येतो, नैर्ऋत्य मोसमी. तारिफाला लाजवील असा. फक्त तो एकटा येत नाही. सोबत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, दोन पुरुष उंचीच्या लाटा आणि सरळ किनाऱ्याकडे ढकलणारी दिशा आणतो. म्हणजे दापोलीला पतंग सोडला तर माणूस थेट सुरूच्या बनात. जलक्रीडा तेव्हा बंद असतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद, होड्या झापांखाली. समुद्रालाही सुट्टी लागते, हे कोळी लोकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पर्यटन विभागाला परिपत्रकाने कळतं.

खरी गंमत पुढे आहे. हाच मोसमी वारा पश्चिम किनाऱ्याला झोडपून, घाट चढून, सगळं पाणी अलीकडे सांडून पुढे जातो. रामेश्वरमच्या बाजूला तो पोचतो तेव्हा कोरडा आणि सलग असतो. श्रीलंकेच्या वायव्य टोकाला, कल्पिटियाला, मे ते सप्टेंबर हाच वारा पाऊस न आणता वाहतो, आणि मध्ये वाळूचा बांध असल्यामुळे खाडीचं पाणी पाटासारखं शांत. तिथे जगभरचे पतंगवाले गोळा होतात. त्या काळात आपण इथे छत्री उलटी झाली म्हणून ज्याला शिव्या घालतो, त्याच वाऱ्याचे तिथे तासावर पैसे आकारतात. पाणी आमच्या वाट्याला, पैसा त्यांच्या.

त्यांच्या म्हणजे कुणाच्या, हे मात्र विचारायला हवं. श्रीलंका सरकारने कल्पिटियाच्या १४ बेटांवर पर्यटनाची मोठी योजना मांडली. बेटांवर कोळी राहत होते, जाळी वाळवत होते, हंगामानुसार ये-जा करत होते. त्यांच्याकडे कागद नव्हते, वहिवाट होती. गुंतवणूकदाराला बेट दाखवताना वहिवाट दिसत नाही. नकाशावर ती छापलेली नसते. कोळ्यांनी मोर्चे काढले. आज तिथे कोळ्यांची पोरं पतंग धरून देतात, पाहुण्याला पाण्यात सोडतात, काहीजण स्वतः उत्तम शिकवतात आणि वडिलांपेक्षा जास्त कमावतात. हे चांगलंच आहे. पण जमीन गेल्यावर मिळालेली नोकरी आणि जमीन ठेवून मिळालेली नोकरी यांत फरक असतो, तो पगारपत्रकावर दिसत नाही.

मॉरिशसचा उल्लेख न करता थांबलो तर तिथली मराठी मंडळी रागावतील. आपल्याच किनाऱ्यावरून त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांत मजुरीला गेले, आणि तिथे आजही गणपती बसतात. बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ल मोर्न नावाचा उभा कडा आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या आडोशाने लपत. २००८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. कड्याखालच्या खाडीत आता जगातले उत्तम काइटसर्फर जमतात. पळून जाऊन लपण्याची जागा ते सुट्टीला पळून येण्याची जागा, एवढा प्रवास त्या कड्याने जागच्या जागी उभं राहून केला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी 'कोकणचा कॅलिफोर्निया' करायची घोषणा होते. कॅलिफोर्नियात वारा येतो तो समुद्राचं पाणी थंडगार आणि आतलं खोरं तापलेलं म्हणून. त्या फरकाने वारा सॅन फ्रान्सिस्कोच्या तोंडातून आत खेचला जातो. त्यासाठी शासन निर्णय निघत नाही, निविदा निघत नाही, भूमिपूजन होत नाही. आपल्या समुद्राचं पाणी मे महिन्यात कोमट असतं. ते थंड करायला कुठल्या खात्याचा निधी वापरणार? तेव्हा कॅलिफोर्निया राहू द्या. प्रत्यक्षात होतं काय, तर 'जलक्रीडा' नावाखाली शिडाऐवजी पेट्रोलवर गुरगुरणाऱ्या स्कूटर आणि केळ्याच्या आकाराचे फुगे येतात. त्यांना वारा लागत नाही, कौशल्य लागत नाही; फक्त किनाऱ्याची सर्वांत सपाट पट्टी लागते. नेमकी तीच पट्टी मालवण-वेंगुर्ल्याकडच्या रापणवाल्यांना लागते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं; त्याला शंभर हात आणि मोकळी वाळू हवी. हात आहेत. वाळूचं काय?

माझं मत विचाराल तर कोकणाचा वारा चुकीच्या हंगामात येतो हे कोकणाचं भाग्य आहे. तो डिसेंबरात, निरभ्र आकाशाखाली, सपाट खाडीवर आला असता तर गुहागरपासून शिरोड्यापर्यंत एकही जाळं वाळत घालायला जागा उरली नसती. जमिनी तशाही जातातच, पण सावकाश जातात. वाऱ्यामुळे जातात त्या एका पिढीत जातात.

आता ज्यांना खरंच जायचं आहे त्यांच्यासाठी, कारण वाचक शेवटी विचारतोच. नवशिक्यांनी मार्च-एप्रिलमध्ये गोवा. हात बसल्यावर पावसाळ्यात कल्पिटिया किंवा रामेश्वरम. शिक्षकाशिवाय पतंग हातात घेऊ नका. आठ-दहा तास नीट शिका. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, म्हणजे मतलई असेल, तर पाण्यात उतरू नका. तो तुम्हाला परत आणून सोडत नाही. पतंग सोडायला मदत करणाऱ्या पोराला पैसे द्या आणि फोटोतही घ्या. बॅगेवर गोल्फ लिहा, हरकत नाही. जेवणाचं म्हणाल तर वारा संपल्यावर कोळीवाड्यात विचारा, हॉटेलात नको. आणि गावी कुणी 'वाऱ्याच्या बाजूचा, सी-व्ह्यू' प्लॉट घेऊन आला, तर ॲडव्हान्स देण्याआधी सातबारा आणि सीआरझेडचा नकाशा दोन्ही मागा.